एकेरीत ७३वा, दुहेरीत पहिला: लिएंडर पेसची कारकीर्द कशी वाचायची

टेनिसपटू लिएंडर पेसच्या नावापुढे दोन आकडे लिहिले की ते एकमेकांशी भांडू लागतात. पहिला ७३. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत तो सगळ्यात वर पोचला तो इथवर, १९९८ साली. ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वात मोठ्या स्पर्धा; त्यांच्या एकेरीत त्याची मजल तिसऱ्या फेरीपुढे कधी गेली नाही. दुसरा आकडा १८. एवढी ग्रँड स्लॅम विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत: पुरुष दुहेरीची आठ आणि मिश्र दुहेरीची दहा.

मग हा खेळाडू मोठा की नाही? या प्रश्नावर मी ऐकलेली उत्तरं दोनच प्रकारची. एक गट म्हणतो, ‘दुहेरीच ना, एकेरीत जमलं नाही म्हणून तिकडे गेला.’ दुसरा गट १८ हा आकडा उचलतो आणि थेट फेडररच्या एकेरीतल्या २० शेजारी नेऊन ठेवतो. चूक दोघांची एकच: एकेरी आणि दुहेरी हा एकच खेळ आहे असं दोघंही धरून चालतात. कुस्ती मातीतली आणि कबड्डीही मातीतली, म्हणून आपण पैलवानाला ‘चढाईत किती गुण मिळवलेस’ असं विचारत नाही. इथेही तसंच आहे. फरक इतकाच, की टेनिसमध्ये जाळी, चेंडू, रॅकेट, मोजणी सगळं सारखं दिसतं आणि त्यामुळे फसायला होतं.

म्हणून पेसकडे जाण्याआधी जरा मैदान मोजू.

नऊ फूट जास्त, वेळ मात्र कमी

टेनिसचं कोर्ट ७८ फूट लांब. एकेरीत त्याची रुंदी २७ फूट धरतात, दुहेरीत दोन्ही बाजूंच्या साडेचार फुटी पट्ट्या खेळात येतात आणि रुंदी ३६ फूट होते. म्हणजे एकेरीत एका माणसानं २७ फूट सांभाळायचे, दुहेरीत प्रत्येकाच्या वाट्याला १८. मोकळी जागा कमी झाली. एकेरीत चेंडू मारून समोरच्याला पळवता येतं, आत्ता डावीकडे, मग उजवीकडे, चार फटक्यांत त्याचा दम काढायचा. दुहेरीत पळवणार कुणाला? दोघं आपापल्या अर्ध्या भागात उभे. तिथे मोकळी जागा सापडत नाही, ती तयार करावी लागते.

आता वेळेचा हिशेब. ताशी ९० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो. एका बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, दुसऱ्या बेसलाइनवर, जवळपास २४ मीटर, यायला त्याला एक सेकंद तरी लागतो. तेवढ्यात पाय हलवता येतात, रॅकेट मागे नेता येतं, काय करायचं ते ठरवताही येतं. पण दुहेरीत बऱ्याचदा दोन खेळाडू जाळीच्या दोन बाजूंना एकमेकांपासून पाचेक मीटरवर उभे असतात. तोच चेंडू तिथे एक पंचमांश सेकंदात पोचतो. एवढ्या वेळात विचार होत नाही. हात आधीच तिथे असावा लागतो. चेंडू कुठे येणार हे समोरच्याच्या खांद्यावरून, रॅकेटच्या तोंडावरून आधीच वाचावं लागतं.

पेसची सगळी श्रीमंती या पंचमांश सेकंदात होती. उंची पाच फूट दहा इंच, सर्व्हिस धडकी भरवणारी नाही, एकहाती बॅकहँड तर एकेरीच्या मानानं लंगडाच. पण जाळीजवळ त्याचे हात विलक्षण. अंगावर आलेला चेंडू तो मारत नसे, नुसता वळवत असे, आणि चेंडू नेमका दोघांच्या मधून निघून जाई.

तो ‘मधला’ चेंडू दुहेरीतला सर्वात बिलंदर प्रकार. ज्यांनी कधी हौसेनं दुहेरी खेळली आहे त्यांना ठाऊक असेल: चेंडू मधोमध येतो, दोघंही ‘तुझा’ म्हणतात आणि दोघंही बघत राहतात. मी स्वतः हा गुण इतक्या वेळा घालवला आहे की त्याचा हिशेब ठेवणं सोडून दिलं. व्यावसायिक जोड्या तासन् तास सराव करतात तो बराचसा या एका गोंधळासाठी.

पाठीमागची मूठ

पुढच्या वेळी दुहेरीचा सामना पाहाल तेव्हा सर्व्हिस करणाऱ्याकडे बघू नका. त्याच्या जोडीदाराकडे बघा. तो जाळीजवळ वाकून उभा असतो आणि एक हात पाठीमागे नेतो. समोरच्यांना न दिसणारी खूण. प्रत्येक जोडीची भाषा वेगळी, पण साधारणपणे मिटलेली मूठ म्हणजे ‘मी जागेवर थांबतो’ आणि उघडा पंजा म्हणजे ‘मी पलीकडे झेपावतो, माझी मोकळी बाजू तू भर’. जोडीदाराच्या वाट्याचा चेंडू मध्येच घुसून लंपास करायच्या या प्रकाराला पोचिंग म्हणतात.

त्याच्याही पुढची चाल म्हणजे ‘आय’ रचना. सर्व्हिस करणारा मधल्या खुणेला चिकटून उभा राहतो, जोडीदार त्याच्या पुढे सरळ रेषेत जाळीपाशी जवळजवळ उकिडवा बसतो, इतका खाली की सर्व्हिसचा चेंडू डोक्यावरून जावा. सर्व्हिस पडली की तो उठून डावीकडे किंवा उजवीकडे झेपावतो. कुठे, हे समोरच्याला कळत नाही. म्हणजे परतवणाऱ्याला वेगवान चेंडू खेळायचा असतो आणि त्याच क्षणी पुढचा माणूस कुठे जाईल याचा अंदाजही बांधायचा असतो. जमलं तर बरं, नाहीतर चेंडू थेट त्याच्या रॅकेटवर.

पेस हे काम खूण न करताही करायचा. समोरच्यानं रॅकेट मागे नेलं की तो एक पाऊल हलल्यासारखं करी, समोरचा त्या हालचालीला बिचकून दिशा बदली, आणि पेस मुळात हललेलाच नसे. आकडेवारीत हा गुण समोरच्याची चूक म्हणून नोंदला जातो. दुहेरीपटूचं मोठेपण आकड्यांत नीट उतरत नाही ते यामुळेच.

मग एकेरीत का नाही?

सुरुवात तर एकेरीतच झाली होती, आणि दणक्यात. कोलकात्यात १९७३ साली जन्म. वडील वेस पेस १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या हॉकी संघातले, आई जेनिफर बास्केटबॉल खेळणारी. मद्रासच्या अमृतराज अकादमीत घडलेल्या या मुलानं १९९० साली विम्बल्डनची कनिष्ठ गटाची एकेरी जिंकली, पुढच्या वर्षी अमेरिकन ओपनची. कनिष्ठ गटात तो जगात पहिला होता.

पण त्याचा खेळ होता सर्व्हिस करून किंवा रिटर्न मारून जाळीकडे धावण्याचा, आणि जगाचं टेनिस नेमकं तेव्हा उलट्या दिशेनं निघालं होतं. १९९७ साली गुस्ताव्हो कुएर्तेननं फ्रेंच ओपन जिंकली तेव्हा त्याच्या रॅकेटला पॉलिएस्टरच्या तारा होत्या. या तारांनी चेंडूला प्रचंड फिरकी देता येते. चेंडू जाळीवरून जातो आणि लगेच खाली बुडतो, थेट पुढे धावत आलेल्या माणसाच्या पायांशी. पायाशी आलेल्या चेंडूवर व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीचा फटका, मारून कुणी गुण जिंकत नाही, जीव वाचवतो फार तर. त्यात २००१ साली विम्बल्डननं गवताचं मिश्रण बदललं आणि पूर्ण रायग्रास आणलं, त्यावर चेंडू जास्त सरळ उसळू लागला. जाळीकडे धावणारे एकेरीतून हळूहळू नाहीसे झाले.

दुहेरीत मात्र ही जमात टिकली, कारण तिथे जाळीवर दोघं असतात. बाजूनं चेंडू काढायला फट कमी. एकेरीनं ज्या कौशल्याला पेन्शन दिली, दुहेरीनं ते पोटाशी धरलं. पेस दुहेरीत ‘गेला’ म्हणण्यापेक्षा त्याचा खेळ जिथे जिवंत होता तिथे तो राहिला, असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

आणि एकेरीत त्याला अगदीच काही जमलं नाही असंही नाही. १९९८च्या उन्हाळ्यात त्यानं अमेरिकेत न्यूपोर्टच्या गवतावर एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यातली एकेरी स्पर्धा जिंकली. काही आठवड्यांनी न्यू हेवनमध्ये त्या काळातला दिग्गज पीट सॅम्प्रसला ६-३, ६-४ असं सरळ सेटमध्ये हरवलं. असा खेळ वर्षातले चाळीस आठवडे होत नसे, आणि क्रमवारीला चाळीस आठवडेच कळतात. अवचित छापा टाकून निसटायचं हे तंत्र. गनिमी काव्यानं एक लढाई जिंकता येते, बारमाही फौज पोसता येत नाही.

अटलांटा

छापा टाकायला सर्वात योग्य जागा म्हणजे थोडक्या दिवसांत संपणारी स्पर्धा. १९९६चं अटलांटा ऑलिंपिक ही तशी जागा ठरली.

पेसला तिथे प्रवेश मिळाला तो वाइल्ड कार्डनं, म्हणजे क्रमवारीच्या बळावर नव्हे तर आयोजकांनी राखून ठेवलेल्या जागेवर. पहिल्या फेरीत समोर सॅम्प्रस येणार होता. त्यानं माघार घेतली, त्याच्या जागी आलेल्या रिची रेनेबर्गनं तिसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच सामना सोडला. इथपर्यंत नशीब म्हणा. पण पुढे व्हेनेझुएलाचा निकोलस पेरेरा, मग स्वीडनचा थॉमस एन्क्विस्ट, मग इटलीचा रेंझो फुर्लान, तिघांनाही त्यानं एकही सेट न देता हरवलं. उपांत्य फेरीत आंद्रे अगासीपुढे ७-६, ६-३ असा हरला.

इथे नियमाची एक गंमत आहे. आधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये, १९८८ आणि १९९२ साली, टेनिसच्या उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक मिळत होतं. १९९२ला बार्सिलोनात पेस आणि रमेश कृष्णन दुहेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत हरले, म्हणजे पदकापासून एका विजयावर थांबले. अटलांटात उपांत्य फेरी गाठली, तर नियम बदललेला: कांस्यपदकासाठी वेगळा सामना खेळायचा.

तो सामना ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीशी. पेसचं मनगट दुखावलेलं. पहिला सेट ३-६ गेला. पुढचे दोन ६-२, ६-४. भारताला वैयक्तिक पदक मिळालं ते ४४ वर्षांनी. मधली सगळी ऑलिंपिक गेली आणि त्याच्या आधीचं नाव होतं कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२.

शंभर जोडीदारांचं गणित

दुहेरीची क्रमवारी हा विषय टीव्हीवर कुणी समजावत नाही, म्हणून जरा सावकाश.

दुहेरी जोडीनं खेळतात, पण क्रमवारी जोडीची नसते, माणसाची असते. जोडीनं स्पर्धा जिंकली की दोघांनाही सारखेच गुण मिळतात, ग्रँड स्लॅमला प्रत्येकी २०००, आणि ते ज्याच्या त्याच्या खात्यात जमा होतात. ५२ आठवडे झाले की ते गळून पडतात. स्पर्धेत प्रवेश देताना दोघांच्या क्रमांकांची बेरीज करतात, बेरीज जितकी लहान तितका प्रवेश सोपा. म्हणजे उद्या जोडी फुटली तरी गुण तुमचेच, ते घेऊन तुम्ही दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकता. दुहेरीपटू दर मोसमात जोडीदार शोधत हिंडतात ते यामुळे. पेसनं कारकिर्दीत शंभराहून जास्त पुरुष जोडीदारांबरोबर दुहेरी खेळली. बाहेरून हे चंचलपणाचं लक्षण वाटतं. आतून बघाल तर हे त्या बाजाराचं वास्तव आहे: कुणी जखमी होतो, कुणी एकेरीकडे वळतो, कुणाचे गुण आटतात.

पैशांचीही बाजू आहेच. २०२४च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला २७ लाख पौंड मिळाले, पुरुष दुहेरीच्या विजेत्या जोडीला दोघांत मिळून साडेसहा लाख. दुहेरीपटूला म्हणूनच जास्त वर्षं आणि जास्त आठवडे खेळावं लागतं. सुदैवानं शरीर तेवढं साथ देतं, कारण धावणं कमी. पेसनं ग्रँड स्लॅम पुरुष दुहेरी शेवटची जिंकली तेव्हा तो चाळिशीत होता: २०१३ची अमेरिकन ओपन, जोडीदार राडेक स्टेपानेक. उपांत्य फेरीत त्यांनी ब्रायन बंधूंना हरवलं होतं, आणि ही अव्वल जोडी त्या वर्षीच्या चारही ग्रँड स्लॅम जिंकायच्या बेतात होती.

पण सगळ्या जोडीदारांत खरा एकच, महेश भूपती. १९९९ साली हे दोघं चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत हरले, फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकले, आणि त्याच जूनमध्ये पेस दुहेरीत जगात पहिला झाला. दोघांची बेरीज फार छान होती. भूपतीकडे जड सर्व्हिस आणि बॅकहँडचा खणखणीत रिटर्न, म्हणजे पाया. पेसकडे जाळीवरचे हात, म्हणजे कळस. एक चेंडू उसळवून देणार, दुसरा तो संपवणार. २००१ला पुन्हा फ्रेंच ओपन.

मग भांडणं, मग समेट, मग पुन्हा भांडणं. ते सगळं वर्तमानपत्रांत सविस्तर येऊन गेलं आहे, मी ते इथे उगाळणार नाही. पण त्याची किंमत खेळात मोजता येते. २००४ला अथेन्समध्ये दोघांनी फेडरर खेळत असलेली स्विस जोडी हरवली, उपांत्य फेरीत पोचले, आणि कांस्यपदकाचा सामना क्रोएशियाच्या अँचिच-लुबिचिच जोडीकडून तिसऱ्या सेटमध्ये १४-१६ असा गमावला. १९९२चा नियम असता तर त्यांना पदक तेव्हाच मिळालं असतं. २०१२ला लंडनला भूपती आणि रोहन बोपण्णा पेसबरोबर खेळायला तयार झाले नाहीत. भारतानं दोन जोड्या पाठवल्या, पेसबरोबर नवखा विष्णू वर्धन. दोन्ही जोड्या दुसऱ्या फेरीत बाद.

मिश्र दुहेरीबद्दल थोडक्यात, कारण तिचा हिशेबही थोडक्यातला आहे. पुरुष आणि महिलांचे व्यावसायिक दौरे वेगळे असल्यामुळे मिश्र दुहेरी प्रामुख्यानं ग्रँड स्लॅममध्येच होते, आणि तिचे क्रमवारीसाठी गुण मिळत नाहीत. शून्य. पेसची दहा विजेतेपदं क्रमवारीत कुठेच दिसत नाहीत ती यामुळे. त्यातली दोन मार्टिना नवरातिलोव्हाबरोबर, २००३ साली, तेव्हा ती ४६ वर्षांची होती. त्या वर्षीच्या विम्बल्डननंतर पेसच्या मेंदूत काहीतरी असल्याचं निदान झालं, गाठीची शंका आली. निघाली ती पट्टकृमीच्या अळ्यांमुळे होणारी लागण, औषधांनी बरी होणारी. २०१५ साली मार्टिना हिंगिसबरोबर त्यानं एका वर्षात तीन ग्रँड स्लॅम जिंकली, पुढच्या वर्षी फ्रेंच ओपन, आणि मिश्र दुहेरीतल्या चारही मोठ्या स्पर्धा पुऱ्या झाल्या.

शनिवारचा माणूस

डेव्हिस कप हा देशादेशांतला टेनिसचा सामना. कित्येक दशकं त्याची रचना ठरलेली होती: शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी एक दुहेरी, रविवारी दोन एकेरी. पाचांपैकी तीन जिंकेल तो देश पुढे. शनिवारचा तो एकच सामना का महत्त्वाचा, ते बघा. शुक्रवारी १-१ झालं असेल तर शनिवारी जिंकणाऱ्याला रविवारी दोनांपैकी एकच पुरतो. ०-२ असेल तर शनिवार हरला की सगळं संपलं. एकेरीतले खेळाडू क्रमवारीत खाली असलेल्या भारतासारख्या देशाला शनिवारचा गुण हक्काचा असणं म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच हुकमाचा एक्का हातात असण्यासारखं.

पेस १६ वर्षांचा असताना, १९९० साली, झीशान अलीबरोबर जपानविरुद्ध पहिल्यांदा उतरला. पाचवा सेट १८-१६. जिंकले. पुढे भूपतीबरोबर त्यानं डेव्हिस कपमध्ये सलग २४ दुहेरी सामने जिंकले. इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीचा ४२ दुहेरी विजयांचा विक्रम त्यानं २०१८ साली मोडला आणि आकडा शेवटी ४५वर नेला.

डेव्हिस कपमध्ये तो एकेरीतही वेगळाच माणूस होई. १९९३ला फ्रान्समध्ये फ्रेजूसला आर्नो बोएच आणि आन्री लकोंत या दोघांनाही हरवून त्यानं भारताला उपांत्य फेरीत नेलं. १९९५ला दिल्लीच्या गवतावर गोरान इव्हानिसेविचपुढे पहिले दोन सेट हरून पुढचे तीन जिंकले. याचं स्पष्टीकरण ‘देशप्रेम’ या एका शब्दात उरकतात. मला त्यात आणखी एक साधं कारण दिसतं: डेव्हिस कपची लढत शुक्रवार ते रविवार अशी तीनच दिवसांची असे. छाप्याचं तंत्र तेवढ्याला पुरे.

२०१९च्या नाताळात त्यानं जाहीर केलं की पुढचं वर्ष शेवटचं. टोकियोत आठवं ऑलिंपिक खेळायचं मनात होतं. मार्च २०२० मध्ये झाग्रेबला क्रोएशियाविरुद्ध डेव्हिस कप होता. रचना तोवर बदललेली, सामने तीन सेटचे आणि दोनच दिवसांत. पहिल्या दिवशी भारत ०-२ मागे. दुसऱ्या दिवशी ४६ वर्षांचा पेस बोपण्णाबरोबर उतरला आणि त्यांनी माते पाविच आणि फ्रँको श्कुगोर या जोडीला तीन सेटमध्ये हरवलं. त्यानंतरच्या एकेरीत क्रोएशियाचा मारिन चिलिच जिंकला. काही दिवसांत जगभरचं टेनिस बंद पडलं, टोकियो पुढे ढकललं गेलं, आणि पेस पुन्हा व्यावसायिक सामना खेळला नाही.

भारत झाग्रेबला १-३ हरला. तो एक गुण दुहेरीचा होता.